हिशेबी फकीर

आपण अचलपूरहून अमरावतीला जातो तेव्हा वलगावला पेढी नदीचा पूल लागतो. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी तिथेच देह ठेवला.

बाबा आपल्या शेजारच्या शेंडगावचे. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म १८७६, परीट घराणं. वडील लवकर गेले, मामाकडे दापुऱ्याला वाढले, गुरं राखली, शेती केली. शाळा नाहीच. १९०५ साली घर सोडलं. गावात शिरले की दिवसा खराटा, रात्री कीर्तन.

मी जन्मभर बँकेत खाती तपासली, म्हणून मला त्यांचा हिशेब मोठा वाटतो. लोकांनी दिलेला पैसा लोकांच्याच कामी लावला. ऋणमोचनचा घाट, पंढरपूर, नाशिक, आळंदीच्या धर्मशाळा अशाच झाल्या. स्वतःसाठी किंवा नातेवाइकांसाठी दमडी ठेवली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेला देऊन टाकली. ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याच्या हाती झाडू दिला. देणारा आणि गरजू यांची गाठ घालून देणं, हीच त्यांची खरी कमाई.

आपल्या सोसायटीत पेन्शनर बरेच, वेळही भरपूर. परतवाड्याजवळ वझ्झरला अनाथ, मतिमंद मुलांचं बालगृह आहे. पंचवीस वर्षं आपण मेंटेनन्स भरत आलो. आता ऑफिसात एक वही ठेवू या. आठवड्यातले दोन तास कोण देतो, त्यानं त्यात नाव लिहावं. पहिलं नाव माझं धरा.