परीक्षेबाहेरचे गुरुजी

शाळेतल्या मुलाने साहित्य वाचावे आणि स्वतः चार ओळी लिहाव्यात, यासाठी स्वतंत्र ऐच्छिक विषय असावा की नसावा, याची चर्चा नेहमी होते. आपल्या खानदेशात एका शिक्षकाने ही चर्चा न करता ते काम करून दाखविले होते. ते शिक्षक म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, अर्थात साने गुरुजी.

२४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे त्यांचा जन्म झाला. खोताचे घर, पण कर्जाने खंगलेले. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण झाली. कित्येकदा अर्धपोटी राहावे लागले. १९१७ साली आई गेली, तेव्हा त्यांना तिच्याजवळ असता आले नाही. ही खंत त्यांना आयुष्यभर पुरली.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ साली तेथील हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, आजाऱ्याजवळ बसणे ही कामे ते न सांगता करीत. मुलांची मने अशी जिंकल्यावर त्यांनी त्यांच्यापुढे साहित्य ठेवले. 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक ते स्वतःच्या हाताने लिहून काढीत. त्यात गोष्टी असत, थोरांची चरित्रे असत, जगातल्या घडामोडी असत. त्याला गुण नव्हते, हजेरी नव्हती, सक्ती नव्हती. तरीही मुले ते वाचीत. ऐच्छिक या शब्दाचा याहून चांगला अर्थ कोणता? १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले आणि छात्रालयाच्या भिंतीआड असलेले ते वाचन बाहेरच्या मुलांपर्यंत गेले.

१९३० साली देशाची हाक आली. एकीकडे जीव लावलेली मुले, दुसरीकडे स्वातंत्र्याचा लढा. गुरुजींनी नोकरी सोडली व सत्याग्रहात उडी घेतली. त्यांचा वर्ग सुटला, पण शिकविणे सुटले नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती गुरुजींनी लिहून घेतली, म्हणूनच ती आज आपल्या हाती आहेत. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढली. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, हे 'आंतरभारती'चे स्वप्न त्यांनी उराशी बाळगले. ११ जून १९५० रोजी त्यांनी या जगाचा निरोप घेतला.

मोलगीच्या डोंगरातून येणाऱ्या आपल्यासारख्या मुलांना हे चरित्र जवळचे वाटावे, असे त्यात काही आहे. आपल्या घरी भिली बोलली जाते, पुस्तकात मराठी असते. या दोहोंच्या मध्ये पुष्कळ मुले गप्प होतात. निबंध पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. काठीच्या होळीतला ढोल, भगरीचे शेत, आजीने चुलीपाशी सांगितलेली गोष्ट यांवर लिहावे, असे त्यांना वाटतच नाही. कारण त्यावर प्रश्न येत नाही. गुरुजींनी तरी काय लिहिले? स्वतःची आई, तिची गरिबी, कोकणातले एक लहानसे गाव. तेवढ्यावर मराठीतले एक अजोड पुस्तक उभे राहिले.

विषय वेळापत्रकात येईल तेव्हा येवो. 'छात्रालय' काढायला लागले होते कोरे कागद, शाई आणि मुलांवर माया करणारा एक माणूस. कागद आणि शाई आपल्याजवळही आहे. आपल्यापैकी कोणी शिक्षक होऊन पुन्हा सातपुड्यात गेला, तर तिसरी गोष्टही तेथे पोहोचेल.