झोझेफ फूर्ये : नादाची फोड करणारा गणितज्ञ

थोर फ्रेंच गणितज्ञ झोझेफ फूर्ये यांचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधील ओसेर या गावी एका शिंप्याच्या घरी झाला. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत आई आणि वडील दोघांचेही छत्र हरपले. पुढे गावातील ख्रिस्ती संन्याशांनी चालविलेल्या सैनिकी शाळेत त्यांना प्रवेश मिळाला आणि तेथेच गणिताची गोडी लागली. मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे गोळा करून ते रात्री उदाहरणे सोडवीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

तोफखान्यात अधिकारी व्हावे, ही त्यांची इच्छा होती. तोफखान्यास गणित जाणणारी माणसे हवीच होती. परंतु ती जागा उमराव घराण्यातील मुलांसाठी राखलेली असल्याने शिंप्याच्या मुलाचा अर्ज नाकारण्यात आला. बुद्धीची परीक्षा न घेताच जन्मावरून दार बंद करण्याची ही रीत आमच्या वाचकांस नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. १७८९ च्या राज्यक्रांतीने उमरावांचे विशेषाधिकार संपविले. फूर्ये त्या क्रांतीत उतरले, १७९४ मध्ये त्यांना कारावासही घडला. सुटका झाल्यावर, शिक्षक घडविण्यासाठी पॅरिसमध्ये १७९५ साली उघडलेल्या एकोल नॉर्माल या संस्थेत ते विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि लवकरच एकोल पोलितेक्निकमध्ये शिकवू लागले.

नेपोलियनबरोबर १७९८ मध्ये ते इजिप्तला गेले. परतल्यावर ग्रनोब्ल येथे ईझेर प्रांताचा कारभार सांभाळताना त्यांनी उष्णतेचा अभ्यास आरंभिला. तापलेल्या धातूतून उष्णता कशी पसरते, याचे गणित मांडताना त्यांच्या लक्षात आले की, कितीही वेडीवाकडी वक्ररेषा साध्या, नियमित लहरींच्या बेरजेने मांडता येते. १८०७ मध्ये हा प्रबंध त्यांनी पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे ठेवला. लाग्रांझसारख्या श्रेष्ठ गणितज्ञाने आक्षेप घेतले. पुढे पारितोषिक मिळाले, तेही सिद्धतेतील उणिवांवर बोट ठेवूनच. फूर्ये खचले नाहीत. उष्णतेवरील त्यांचा ग्रंथ अखेर १८२२ मध्ये प्रसिद्ध झाला. १६ मे १८३० रोजी त्यांचे निधन झाले.

ध्वनी हीदेखील लहरच. त्यामुळे कोणत्या नादात कोणकोणत्या कंप्रता किती प्रमाणात मिसळल्या आहेत, हे फूर्ये यांच्या रीतीने काढता येते. मात्र संपूर्ण गाण्याची एकदम फोड केली तर कोणते स्वर होते ते कळते, ते केव्हा लागले ते कळत नाही. म्हणून विसाव्या शतकातील संशोधकांनी ध्वनीचे बारीक बारीक तुकडे पाडून प्रत्येकाची वेगळी फोड केली व त्या एकापुढे एक मांडल्या. डावीकडून उजवीकडे काळ, खालून वर कंप्रता आणि गडदपणावरून जोर, असे हे चित्र असते. त्यास स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. भीमजयंतीच्या गायनाचे असे चित्र काढल्यास पेटीचा धरून ठेवलेला सूर आडव्या रेघांच्या शिडीसारखा दिसेल, ढोलकीची थाप उभ्या पट्ट्यासारखी उमटेल आणि गायकाच्या आवाजाच्या रेषा चढताना-उतरताना दिसतील. तुकडा लहान घेतला तर थापेची वेळ नेमकी कळते, पण स्वर पुसट होतो; मोठा घेतला तर उलट घडते. दोन्ही एकाच वेळी पूर्ण नेमके मिळत नाही.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असे चित्र काढणारे यंत्र तयार झाले. बहिऱ्या माणसांना बोलणे डोळ्यांनी वाचता यावे, हाही त्यामागील एक हेतू होता. आपल्या महाराष्ट्रात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. दूरच्या स्पंदक ताऱ्यांचे संकेतही तेथे याच रीतीने काळ व कंप्रता यांच्या पटावर मांडून पाहतात. उच्च कंप्रतेचा भाग आधी पोहोचतो, नीच कंप्रतेचा मागाहून. त्यामुळे स्पंदाची रेघ तिरपी वाकलेली दिसते.

तोफखान्याने ज्यांना नाकारले, त्या फूर्ये यांच्या गणितावाचून आज ना दूरसंचार चालतो, ना आकाशाचा वेध घेता येतो. ओसेरच्या शाळेने एका अनाथ मुलाला आत घेतले, म्हणून हे घडले. यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावच्या मुलामुलींना निवारा व विद्या देणाऱ्या आमच्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी हे चरित्र या दृष्टीने वाचावे, एवढीच आमची अपेक्षा.