विश्लेषण : ‘बेस’ वाढवला की स्कॉट लाफारो का हरवतो?

न्यू यॉर्कमधील ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबमध्ये २५ जून १९६१ रोजी, रविवारी, पियानोवादक बिल इव्हान्स, डबल बेसवादक स्कॉट लाफारो आणि ड्रमवादक पॉल मोशन यांनी दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठका वाजवल्या. त्या सगळ्या ध्वनिमुद्रित झाल्या. अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला, तेव्हा तो अवघ्या २५ वर्षांचा होता. जॅझच्या इतिहासात या ध्वनिमुद्रणाचे स्थान पक्के आहेच, शिवाय नवे स्पीकर पारखून घेणारी मंडळीही हमखास हीच तबकडी लावतात. तरीही अनेक घरांत त्यातून ऐकू येतो तो पियानो. लाफारो एक तर गायब असतो, नाही तर नुसता घुमतो. असे का होते, आणि हा वादक नेमके काय करत होता?

डबल बेसचे काम काय असे?

व्हायोलिनच्या कुळातले हे सर्वांत मोठे वाद्य, माणसाच्या उंचीइतके किंवा त्याहूनही उंच. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ते बहुतेक वेळा गजाने वाजते, जॅझमध्ये मुख्यतः बोटांनी छेडले जाते. ई, ए, डी आणि जी अशा त्याच्या चार तारा. १९५० च्या दशकापर्यंत बेसवादकाचे मुख्य काम म्हणजे प्रत्येक बारमध्ये चार सारखे ठोके देत चालत राहणे, म्हणजे लय धरणे आणि कॉर्डचा पाया सांगणे. आपल्याकडच्या मैफलीत ठेका सोडून साथीदार मध्येच बोलू लागला तर जशा भुवया उंचावतात, तसेच काहीसे इथेही होते. अपवाद होते. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातील जिमी ब्लँटनने १९३९ ते १९४१ या काळात बेसवर एखाद्या सॅक्सोफोनसारखे स्वतंत्र गाणे वाजवून दाखवले होते. तोही २३ व्या वर्षी क्षयाने गेला. ऑस्कर पेटिफोर्ड, चार्ल्स मिंगस, पॉल चेंबर्स यांनी तो धागा पुढे नेला. पण एकलवादन संपले की बेसवादक पुन्हा आपल्या जागी, चालत्या ठोक्यांकडे परतत असे.

लाफारो या वाद्याकडे कसा आला?

उशिरा आणि जवळपास अपघाताने. ३ एप्रिल १९३६ रोजी न्यू जर्सीतील न्यूअर्क येथे त्याचा जन्म झाला. तो लहान असतानाच कुटुंब न्यू यॉर्क राज्यातल्या जिनिव्हा या तळ्याकाठच्या गावी गेले. वडील व्हायोलिनवादक होते. मुलाने आधी पियानो, मग बेस क्लॅरिनेट आणि पुढे टेनर सॅक्सोफोन हाताळला. डबल बेस त्याने वयाच्या १८ व्या वर्षी, इथाका कॉलेजमध्ये संगीत शिकायला जाण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात धरला. म्हणजे ज्या वयात इतर वादक व्यवसायात उतरतात, त्या वयात हा स्वर कुठे सापडतात ते शोधत होता. आणि पुढच्या सात वर्षांत सगळे आटोपलेसुद्धा.

कॉलेज अर्धवट सोडून तो बडी मॉरोच्या वाद्यवृंदाबरोबर फिरतीवर निघाला आणि लॉस एंजेलिसला उतरला. तिथे ट्रम्पेटवादक चेट बेकरबरोबर त्याने काम केले. रियाझ तासन् तास चाले. ज्येष्ठ बेसवादक रेड मिचेलकडून त्याने उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट आळीपाळीने वापरून तार छेडायची पद्धत उचलली. सतारीवर मिझराबीचा एकच बोल घेण्याऐवजी दोन बोटांनी गिटार वाजवल्यासारखे हे. त्याने वेग मिळाला. १९५८ मध्ये व्हिक्टर फेल्डमन आणि हॅम्प्टन हॉज यांच्या तबकड्यांवर तो वेग ऐकू येतो, पण तिथे तो अजून मुख्यतः झपाट्याने वाजवणारा तरुण आहे. सॅक्सोफोनची सवय झालेल्या माणसाला वाक्य कुठे थांबवायचे ते ठाऊक असते. तो समंजसपणा थोडा नंतर आला.

त्याचे वाद्य अमेरिकी कारागीर अब्राहम प्रेस्कॉट याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बनवलेले होते. तारा त्याने फळीच्या जवळ आणून ठेवल्या होत्या. त्यामुळे बोट हलके आणि चपळ पडते, पण आवाज बारीक होतो. मोठ्या आवाजाच्या बदल्यात बोलण्याचे स्वातंत्र्य, असा हा सौदा होता. घरी ऐकताना तो लक्षात ठेवावा लागतो.

इव्हान्सच्या त्रयीत वेगळे काय घडले?

१९५९ मध्ये लाफारो न्यू यॉर्कला परतला आणि त्याच वर्षी इव्हान्स व मोशन यांच्याबरोबर त्याची त्रयी जमली. २८ डिसेंबर १९५९ रोजी ‘पोर्ट्रेट इन जॅझ’ ध्वनिमुद्रित झाले. इव्हान्सला पियानोला साथ देणारे दोघे नको होते, तिघांचे संभाषण हवे होते. लाफारोने ठोका सांगायचे सोडून दिले. पियानोचे वाक्य संपते तिथे तो उत्तर देतो, कधी वाक्य संपायच्या आधीच मध्ये बोलतो, कधी वरच्या सप्तकात पियानोच्या शेजारीच स्वतःची चाल चालतो. लय मात्र सुटत नाही. ती तिघांच्या मनात चालू असते, म्हणून कोणा एकाला मोजून दाखवावी लागत नाही.

हे सगळ्यांना रुचले नाही, आणि टीका अगदीच बिनबुडाची नव्हती. काही ठिकाणी लाफारो खरोखर जास्त बोलतो. माझ्या मते त्याची मोठी ताकद एकलवादनात नाहीच. ती पियानो वाजत असताना त्याच्या खाली आणि बाजूला जे चालते, त्यात आहे.

याच काळात तो ऑर्नेट कोलमनबरोबर अगदी वेगळ्या वाटेवरही होता. २१ डिसेंबर १९६० रोजी ध्वनिमुद्रित झालेल्या ‘फ्री जॅझ’मध्ये चार-चार वादकांचे दोन संच जवळपास ३७ मिनिटे एकाच वेळी वाजतात. डाव्या स्पीकरमध्ये लाफारो, उजव्यात त्याचा मित्र चार्ली हेडन. हेडन जमिनीला धरून, जड आणि मोजका, तर लाफारो चपळ आणि वरच्या स्वरांत. दोन बेसवादक वेगळे ओळखता आले, तर आपले स्पीकर नीट मांडले आहेत असे समजायला हरकत नाही. २ फेब्रुवारी १९६१ च्या ‘एक्स्प्लोरेशन्स’च्या वेळी त्याचा प्रेस्कॉट दुरुस्तीला गेला होता आणि तो उसन्या वाद्यावर वाजवत होता. तिथे तो अधिक खालच्या स्वरांत राहतो, याचे हेही एक कारण.

२५ जूनला काय झाले?

निर्माते ऑरिन कीपन्यूज ‘रिव्हरसाइड’ कंपनीसाठी फिरते ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन क्लबमध्ये आले. पहिलीच रचना लाफारोची ‘ग्लोरियाज स्टेप’ होती आणि तिच्या मध्येच वीज खंडित झाली. तो तुटका तुकडाही आता संपूर्ण संचात उपलब्ध आहे. ही रचना नेहमीच्या आठ बारांच्या चौकटीऐवजी पाच बारांच्या तुकड्यांवर उभी आहे, म्हणून ऐकताना पाऊल सतत थोडे आधी पडल्यासारखे वाटते. श्रोत्यांचे ग्लास किणकिणतात, कोणी खोकते, कोणी हसते. त्या गप्पांमध्ये तिघे जण इतके हळू वाजवतात, की क्लबमधल्या किती जणांचे लक्ष होते असा प्रश्न पडावा. रात्रीच्या शेवटी ‘जेड व्हिजन्स’ ही लाफारोचीच दुसरी रचना दोनदा वाजली.

जुलैच्या सुरुवातीला न्यूपोर्ट महोत्सवात त्याने स्टॅन गेट्झला साथ केली. मग तो जिनिव्हाकडे घरी गेला. ६ जुलैच्या पहाटे त्याची गाडी महामार्गालगतच्या झाडावर आदळली. बरोबरचा मित्रही गेला. गाडीतला प्रेस्कॉट बेस पार मोडला होता. न्यू यॉर्कच्या कोलस्टीन या वाद्य-कारागीर कुटुंबाने तो पुढे नव्याने उभा केला.

इव्हान्स कित्येक महिने जाहीरपणे वाजवू शकला नाही. पहिली तबकडी ‘संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ निवडताना त्याने आणि कीपन्यूजने लाफारो ठळक दिसेल अशाच सहा रचना घेतल्या. तिची सुरुवात आणि शेवट दोन्ही लाफारोच्या रचनांनी होतात. उरलेल्यातून ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ तयार झाली. आज हीच दुसरी तबकडी अधिक लोकप्रिय आहे, पण लाफारोसाठी ऐकायचे तर आधी पहिली घ्यावी.

घरच्या स्पीकरवर तो का हरवतो?

बेसवादक ऐकायचा म्हणून आपण अ‍ॅम्प्लिफायरचे ‘बेस’चे बटण फिरवतो. इथेच घोटाळा होतो. डबल बेसच्या मोकळ्या तारांचे मूळ स्वर साधारण ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झचे. लाफारो मात्र बराच काळ जी तारेच्या वरच्या भागात, म्हणजे ढोबळमानाने १०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. पियानोचा मधला ‘सी’ २६२ हर्ट्झचा असतो, म्हणजे तो थेट पियानोवादकाच्या डाव्या हाताच्या वस्तीत शिरलेला आहे. आपला कान असा, की खालचा मोठा आवाज त्याच्या वरच्या आवाजांना झाकतो. उलट झाकण तितके पडत नाही. म्हणून बटण वाढवले की तळाचा घुमारा वाढतो आणि त्याच्याखाली लाफारोची बोटे दबतात.

यात खोलीची भर पडते. ५५ हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सव्वासहा मीटरच्या आसपास, तिची निम्मी म्हणजे जवळपास दहा फूट. समोरासमोरच्या भिंती दहा फुटांवर असतील, तर नेमका ‘ए’ तारेचा स्वर त्यांच्यामध्ये फुगतो आणि रेंगाळतो, शेजारचे स्वर मात्र साधेच राहतात. स्पीकर कोपऱ्यात कोंबला असेल तर हे आणखी वाढते. अशा खोलीत कोणताही बेसवादक एकाच स्वरावर अडखळतोय असे वाटते.

मोबाइलच्या स्पीकरची गोष्ट निराळी. तो इतके खालचे स्वर काढूच शकत नाही. वरच्या उपस्वरांवरून मेंदू मूळ स्वर स्वतःच जुळवतो, म्हणून चाल कळते. पण लाकडाचे अंग आणि दोन स्पीकरमधली जागा दोन्ही जातात, आणि तिघांचे संभाषण एका ठिपक्यात गोळा होते.

मग ऐकायचे कसे?

महागडे काही लागत नाही. मध्यम आकाराचे दोन साधे स्पीकर पुरतात, कारण लाफारोला ४० हर्ट्झपर्यंतच्या खोलीपेक्षा मधल्या पट्ट्यातली स्वच्छता हवी. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणावेत, कानाच्या उंचीवर ठेवावेत. दोघांमध्ये जेवढे अंतर तेवढेच आपण दूर बसावे. ‘बेस’चे बटण मधोमध ठेवावे, ‘बेस बूस्ट’ बंदच करावा. आवाज इतकाच, की ग्लासांची किणकिण खोलीतच झाल्यासारखी वाटेल. त्याहून मोठा केला तर क्लबचा स्वभाव बदलतो. खोली घुमत असेल तर पडदे आणि गादी बोटांचा तडतडाट थोडा मऊ करतील, पण तळाचा घुमारा त्यांना आवरत नाही. त्यासाठी बसण्याची जागा दोन फूट मागे-पुढे करून बघणे जास्त उपयोगी.

सुरुवात ‘माय फूलिश हार्ट’पासून करावी. त्यात लाफारो अगदी कमी वाजवतो, त्यामुळे प्रत्येक स्वर कुठे सुरू होतो आणि किती टिकतो ते पकडता येते. मग ‘ऑल ऑफ यू’ लावावे आणि पहिल्यांदा पियानोकडे मुद्दाम दुर्लक्ष करावे. शेवटी ‘जेड व्हिजन्स’. त्यात तो एकाहून अधिक तारा एकत्र छेडून बेसवर कॉर्ड वाजवतो आणि मोशन ड्रमला जेमतेम स्पर्श करतो. संपूर्ण संचात दुसऱ्यांदा वाजवलेल्या ‘जेड व्हिजन्स’नंतर फक्त काही बारांचा एक तुकडा येतो आणि फीत संपते.