मुळाशी जाणारा माणूस

पिकाने माना टाकल्या, की शेतकरी आधी आभाळाकडे पाहतो. बँकेत असताना पीककर्जाच्या पाहणीसाठी मी गावोगाव हिंडलो आणि बांधावर उभा राहून, पानांचा रंग बघून शेरे लिहिले. एखादे रोप उपटून मूळ पाहावे, हे मला कधी सुचले नाही. ज्याला सुचले, त्या ज्यूलिउस क्यूनची ही गोष्ट.

क्यूनचा जन्म १८२५ सालचा, जर्मनीतल्या सॅक्सनीतला. ऐन तारुण्याची वर्षे त्याने दुसऱ्यांच्या शेतीचा कारभार पाहण्यात घालवली. तिशीला टेकल्यावर हा गृहस्थ शेतकी शिकायला विद्यार्थी होऊन बसला! १८५८ साली त्याचे पिकांच्या रोगांवरचे पुस्तक निघाले. बुरशी ही रोगाची खूण नसून रोगाचे कारण असू शकते, हे त्याने त्यात ठामपणे मांडले. बटाट्यावरच्या रायझोक्टोनिया सोलानी या बुरशीचे वर्णनही त्याच वर्षीचे.

हीच बुरशी साखरेच्या बीटचीही वैरीण. युरोपात साखर मुख्यतः या पांढऱ्या कंदापासून होते. जमीन उबदार आणि ओली असली, की बुरशी कंदात शिरते. देठ बुडाशी काळे पडतात, पाने भुईवर लोळतात. कंद उपटावा तर तो काळा, कुजलेला! पीक निघून गेले तरी ती मातीत वर्षानुवर्षे दबा धरून राहते.

१८६२ साली क्यून हाले विद्यापीठात प्राध्यापक झाला. आसपास सगळा बीटचाच मुलूख. पण वर्षामागून वर्षे तेच पीक घेतल्याने बीट पिकेनासे झाले होते. जमीन थकली, असे लोक म्हणत. क्यूनने पुन्हा मुळेच तपासली. या वेळी शत्रू बुरशी नव्हता. मुळांना चिकटलेले सूक्ष्म कृमी होते. लक्षण सारखे, कारण निराळे! त्यांच्या बंदोबस्तासाठी १८८९ साली हाले येथे खास केंद्र निघाले.

१९१० साली क्यून वारला. बीटच्या मूळकुजीवर रामबाण औषध आजही नाही. गहू-बार्लीसारख्या पिकांची फेरपालट, पाण्याचा चांगला निचरा आणि तग धरणारी वाणे, हेच मुख्य उपाय. त्यातले कोणतेही कंद कुजल्यावर कामाला येत नाहीत. पेरणीआधीच ठरवावे लागतात.

माझे ते जुने शेरे आठवले, की वाटते, बांधावरून दोन पावले आत जायला हवे होते.