पास्कलचा नियम आणि काकांचा ब्रेक

मित्रांनो, मी पडलो कॉन्व्हेंटचा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पास्कलचा नियम मात्र मला तोंडपाठ आहे. व्हायवात धडाधड म्हणून दाखवून मार्क्सही घेतलेत. पण तो नियम खरा समजला तो दिवाळीच्या सुट्टीत, उमरीला, काकांच्या गाडीपाशी.

काकांच्या जुन्या पेट्रोल गाडीचं ब्रेक पेडल दगडासारखं कडक झालं होतं. सगळा जोर लावावा तेव्हा कुठे गाडी थांबायची. दुसऱ्या दिवशी आजीला डोळे दाखवायला नांदेडला न्यायचं होतं आणि रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची ही गर्दी! घरातला इंजिनियर म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पण ऐटीत सांगून टाकलं, मास्टर सिलिंडर गेलाय, बदलून टाका. काका बिचारे पैशांची जुळवाजुळव करू लागले. तेवढ्यात मिस्त्री आले. त्यांनी काय केलं ते सांगतो, पण आधी पास्कल. कारण सुट्टीनंतर लायब्ररीत त्याचं चरित्र वाचलं, तेव्हा मला सारखे मिस्त्रीच आठवत होते.

ब्लेझ पास्कलचा जन्म 19 जून 1623 चा, फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावचा. तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील एतिएन स्वतः गणिताचे जाणकार, पण पोराने आधी भाषा शिकाव्यात म्हणून त्यांनी गणिताची पुस्तकं लपवून ठेवली. (आमच्या घरी उलटं होतं!) पठ्ठ्याने बाराव्या वर्षी स्वतःच जमिनीवर आकृत्या काढून भूमिती शोधायला सुरुवात केली. पुढे वडिलांना रूआँ शहरात करवसुलीचं काम मिळालं. रात्र रात्र बेरजा करणारे वडील बघून याने 1642 साली, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी, दातेरी चाकांचं गणनयंत्र बनवायला घेतलं. त्यासाठी पन्नासेक नमुने केले. यंत्र चाललं, पण महाग पडल्यामुळे फारसं खपलं नाही.

त्या काळी मोठे मोठे पंडित मानायचे की निसर्गाला पोकळी सहनच होत नाही. इटलीच्या टॉरिचेलीने पाऱ्याच्या नळीत वर रिकामी जागा दाखवली होती. पारा कशाने वर राहतो यावर वाद पेटला. पास्कलचं म्हणणं पडलं की बाहेरची हवा आपल्या वजनाने तो तोलून धरते. मग उंचावर, जिथे डोक्यावरची हवा कमी, तिथे पारा उतरायला हवा. स्वतः तो कायम आजारी. म्हणून मेव्हणे पेरिये यांना त्याने प्वी द दोम डोंगर चढायला सांगितलं. तारीख 19 सप्टेंबर 1648. एक नळी खाली मठात ठेवली, तिच्यावर दिवसभर एक माणूस नजर ठेवून. दुसरी डोंगरावर नेली. वरचा पारा आठ सेंटीमीटरहून जास्त उतरला, खालचा जागचा हलला नाही. वादाचा निकाल लागला.

आता मिस्त्री. त्यांनीही आधी पाना हातात घेतलाच नाही. इंजिन बंद ठेवून मला चार-पाच वेळा पेडल मारायला लावलं, मग दाबून धरायला सांगून इंजिन सुरू केलं. पेडल पायाखाली थोडं खाली जायला हवं होतं. ते हललंच नाही. म्हणजे बूस्टरची मदत मिळत नव्हती.

बूस्टर म्हणजे इंजिन आणि पेडल यांच्या मधला तो गोल डबा. आत पडदा असतो. इंजिन दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतं. पेडल दाबलं की एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे ढकलते. पडद्याचा व्यास 20 सेंटीमीटर आणि दाबातला फरक सत्तर टक्के धरला, तर रेटा दोनशे किलोच्या वर जातो. प्वी द दोमवर मोजली तीच ही हवा! पुढे ऑइलमधून तो दाब चारी चाकांना सारखा पोचतो, तो पास्कलचा नियम. या विषयावरचा त्याचा ग्रंथ मृत्यूनंतर 1663 मध्ये छापला गेला. चारी चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली पहिली कार, अमेरिकेतली ड्यूसेनबर्ग, आली 1921 मध्ये.

मिस्त्रींनी चालू इंजिनवर बूस्टरचा पाइप काढून तोंडाशी अंगठा लावला. ओढ जवळजवळ नव्हती. पाइप चाचपत गेले तर इंजिनकडच्या टोकाला, क्लॅम्पखाली, चीर. वाल्व फुंकून पाहिला, हवा एकाच दिशेने जात होती, म्हणजे तो ठीक. नवा व्हॅक्यूम पाइप बसवला आणि पुन्हा तीच पहिली टेस्ट. पेडल मऊपणे खाली गेलं. मास्टर सिलिंडर ठणठणीत होता. तो गेला असता तर पेडल कडक न होता खाली बसत गेलं असतं, हे मला नंतर कळलं. माझं ऐकलं असतं तर पैसे जाऊन ब्रेक तसाच कडक राहिला असता, आणि आजी त्याच गाडीत बसली असती. या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

पास्कल 1654 नंतर देवाधर्माकडे वळला, पण डोकं काही स्वस्थ बसलं नाही. 18 मार्च 1662 ला पॅरिसमध्ये त्याच्या कल्पनेतून ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या भाड्यात घोडागाड्या धावू लागल्या, आपल्या एसटीची पणजीच म्हणा ना! त्याच वर्षी 19 ऑगस्टला तो गेला. वय फक्त एकोणचाळीस. 1971 पासून दाबाच्या एककाला त्याचं नाव आहे.

तेव्हा दोस्तांनो, पेडल कडक लागलं तर गाडी तशीच दामटू नका आणि माझ्यासारखे अंदाजही ठोकू नका. आधी टेस्ट. आम्ही नियम पाठ केला, मिस्त्री तो जगत होते. आजीला मात्र अजूनही वाटतं, गाडी मीच दुरुस्त केली. तिचा गैरसमज या लेखाने दूर होवो!