धर्मानंदांचा गृहत्याग

गौतम बुद्धाने पत्नी व मुलाला मागे ठेवून घर सोडले, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो आणि हात जोडतो. पण आपल्याच गल्लीतला एखादा तरुण बायको व तान्ह्या लेकराला ठेवून निघून गेला, तर गाव त्याला काय म्हणेल? धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

धर्मानंदांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ या गावी झाला. घरच्या नारळाच्या बागायतीमुळे त्यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. ‘बालबोध’ मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्यांना ज्ञानाची तळमळ लागली. १८९९ साली पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून ते बाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी असा प्रवास झाला. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. पुढे नेपाळच्या डोंगरवाटा तुडवल्या, सिंहलद्वीपात दीक्षा घेतली, ब्रह्मदेशात सगाईंगच्या डोंगरातील गुहेत ध्यान केले.

आपल्या औसा तालुक्यातही खरोशाची लेणी आहेत. साधक गुहेत बसला तरी त्याची भाकरी शेतातूनच येते. धर्मानंदांना समाजाने जेवू घातले. पण त्या काळात त्यांच्या लेकराचा भार मात्र बाळाबाईंवर होता. त्यांनी तो आपण होऊन मागितला नव्हता. म्हणून ती वर्षे निर्दोष होती असे मला म्हणवत नाही.

परंतु धर्मानंद अरण्यात हरवले नाहीत. १९०६ साली चीवर उतरवून ते संसारात परतले. कलकत्त्यात त्यांनी पाली शिकवली. महाराष्ट्रात राहून दरवर्षी एक पुस्तक लिहावे, या अटीवर सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये दिले. १९१० साली ते हार्वर्डला गेले, तर १९१२ पासून फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. बुद्धाचा विचार त्यांनी सोप्या मराठीत आणला. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही सोसला. मागे ठेवलेल्या माणिकला त्यांनी पुढे अमेरिकेत शिकवले. १९४७ साली सेवाग्राम येथे उपोषण करून त्यांनी देह ठेवला.

तर मग त्यांचा गृहत्याग स्वार्थी होता काय? जाताना तो स्वार्थीच होता, असे मला वाटते. मिळवलेले ज्ञान एकट्यापुरते न ठेवता त्यांनी ते समाजाला वाटले, त्यामुळे त्याला निराळा अर्थ आला. मात्र परतण्याने बाळाबाईंची ती वर्षे काही भरून आली नाहीत. धर्मानंदांच्या ग्रंथांचे ऋण आपण मानतो. त्याच ऋणात बाळाबाईंचाही वाटा आहे, आणि तो आपण सहसा मोजत नाही.