कॅन्सरच्या उपचारातील ‘ग्रे’ कोण होते?

कॅन्सरच्या रुग्णाच्या फाइलवर रेडिएशनचा डोस ‘ग्रे’मध्ये लिहितात. हे नाव लुई हॅरॉल्ड ग्रे यांचे. १९०५ मध्ये लंडनमध्ये जन्मलेले हे भौतिकशास्त्रज्ञ १९३३ मध्ये माउंट व्हर्नन रुग्णालयात रुजू झाले.

डोस पुरेसा देऊनही काही गाठी का उरतात? १९५३ मध्ये ग्रे व सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचे कारण मांडले. गाठीत ऑक्सिजन न पोहोचलेल्या पेशी सहज मरत नाहीत. त्यांना जवळपास तिप्पट डोस लागतो.

रेडिएशन थोडे-थोडे, अनेक दिवस देण्याचा एक फायदा यातून कळतो. आधी ऑक्सिजन मिळणाऱ्या पेशी मरतात, मग उरलेल्यांपर्यंत ऑक्सिजन पोहोचतो आणि पुढचा डोस लागू पडतो.

ग्रे यांचे १९६५ मध्ये निधन झाले. दहा वर्षांनी, १९७५ मध्ये, डोसच्या एककाला त्यांचे नाव मिळाले.